स्प्रे गन घरात आली, पंखा मात्र कारखान्यातच राहिला



शिकागो आणि १८९३ हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या घरांत वीरचंद राघवजी गांधींचं नाव निघतं. महुव्यात जन्मलेला एकोणतीस वर्षांचा हा तरुण आचार्य आत्मारामजींच्या वतीने सर्वधर्म परिषदेला गेला आणि तिथे जैन धर्मावर बोलला. ती परिषद एका मोठ्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्याच प्रदर्शनाशी जोडलेली दुसरी एक गोष्ट मात्र आपल्याला फारशी माहीत नसते. आज आपल्या घरात कपाटांना आणि दारांना स्प्रेने पॉलिश होतं ना, त्या स्प्रेचं पहिलं मोठं काम तिथे झालं.

प्रदर्शनाच्या इमारती प्रचंड होत्या आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. सजावटीचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांच्यापुढे प्रश्न होता की ब्रशने एवढ्या भिंती रंगवून होणार कधी. शिकागोतच जोसेफ बिंक्स नावाचा एक देखभाल करणारा माणूस होता. मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाच्या तळघराला सफेदी करण्यासाठी त्याने १८८७ मध्ये हाताने दाबायचा पंप तयार केला होता. मिलेटनी तोच उपाय उचलला आणि इमारती फवाऱ्याने पांढऱ्या केल्या. लोक त्या जागेला ‘व्हाइट सिटी’, म्हणजे शुभ्र नगरी, म्हणू लागले.

पण तो पांढरा रंग कसला होता? तेलात कालवलेला शिशाचा सफेदा. ब्रशने लावताना शिसं हातांना लागायचं. फवारल्यावर ते बारीक तुषार होऊन हवेत गेलं आणि फवारणाऱ्याच्या श्वासात उतरलं. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून माझ्या भाषेत सांगते: वाचलेला वेळ मालकाच्या खात्यात जमा झाला आणि त्याचा खर्च रंगाऱ्याच्या नावे पडला. हाच हिशेब पुढे शंभर वर्षं चालू राहिला.

रंगाने माणूस आजारी पडतो हे काही तेव्हा नवीन नव्हतं. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावं, असा त्याचा आग्रह होता. त्या ग्रंथात रंग वापरणाऱ्या चित्रकारांवर एक प्रकरण आहे. म्हणजे कळलेलं होतं, पण कळणं आणि वळणं यांत फार अंतर असतं.

ते अंतर कमी करायला एक बाई पुढे आली, याचं मला विशेष वाटतं. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन शिकागोच्या गरीब वस्तीतल्या ‘हल हाउस’ या सेवाकेंद्रात राहायच्या. कारखान्यांत जाऊन, दवाखान्यांतल्या नोंदी चाळून, कामगारांच्या घरी जाऊन त्यांनी शिशाने झालेले आजार शोधून काढले. १९१३ मध्ये रंगाऱ्यांच्या धंद्यावर त्यांचा अहवाल सरकारने छापला. जुना रंग कोरडाच घासताना उडणारी धूळ किती घातक असते, हे त्यांनी त्यात ठासून सांगितलं. पुढे १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक.

१९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक करार केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात, काही अपवाद सोडता, शिशाचा सफेदा वापरू नये, असं त्यात ठरलं. बाहेरच्या भिंतीला एक नियम आणि आतल्या भिंतीला दुसरा, असा फरक त्यात केलेला आहे.  बाहेर वारा असतो, आत माणूस कोंडलेला असतो. जिथे सफेदा वापरावाच लागेल तिथे फवारणीचा धोका टाळण्याची आणि कोरड्या घासण्याची धूळ रोखण्याची व्यवस्था करावी, हेही त्या करारात लिहिलेलं आहे.

आता स्प्रे गनकडे वळू. तिची कुळकथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या टोलिडो शहरात डॉ. अ‍ॅलन डेव्हिल्बिस हे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी एक फवारा तयार केला. त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच कल्पनेवर १९०७ च्या सुमारास रंगाची स्प्रे गन बनवली. घसा बरा करायला निघालेलं यंत्र पुढच्या पिढीत घसा जाळणारं झालं!

१९२३ मध्ये ड्युपाँट कंपनीचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा लॅकर बाजारात आला. मोटारीचा रंग वाळायला आधी कित्येक दिवस, आठवडेही लागायचे. आता काम तासांवर आलं. हा रंग फवारूनच लावायचा. आपला सुतार आजही ‘ताई, शटरला ड्युको करू या?’ असं विचारतो, तो शब्द या मोटारींच्या रंगाचा आहे. मात्र मोटारींच्या कारखान्यांत स्प्रेसाठी वेगळी खोली आली. तिथे एका बाजूने स्वच्छ हवा आत येते आणि दुसऱ्या बाजूला मोठा पंखा रंगाचे तुषार आणि थिनरची वाफ बाहेर खेचतो. थिनरच्या वाफेला ठिणगीने आग लागते, म्हणून पंख्याची मोटरही त्या हवेच्या वाटेबाहेर बसवतात.

मैत्रिणींनो, माझा मुद्दा एवढाच आहे. कारखान्यातली गन आणि कॉम्प्रेसर आपल्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये आले. तो पंखा आणि ती हवेची वाट मात्र कारखान्यातच राहिली. आपण वर काय करतो? वास हॉलमध्ये येऊ नये म्हणून बेडरूमचं दार लावून घेतो. आत विशीतला एक मुलगा नाकाला रुमाल बांधून दिवसभर फवारत असतो. त्याला आपण वेळेवर चहा देतो, पण हवा देत नाही.

शिसं आता पुष्कळ कमी झालं आहे. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण प्रश्न शिशापुरता नाही. १९७० च्या दशकात डेन्मार्क-स्वीडनकडच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं थिनरच्या वाफेत काम केलेल्या रंगाऱ्यांमध्ये विसराळूपणा आणि थकवा दिसू लागला. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याच्या व्यवसायालाच कर्करोगकारक ठरवलं. आणि दोन डबे मिसळून लावायच्या पीयू पॉलिशमधला हार्डनर श्वासात गेला, तर दमा जडू शकतो.

आपल्या आजी-पणजीच्या काळी भिंतींना चुना लागायचा, त्यात थोडी नीळ. चुना डोळ्यांत उडाला तर वाईट, पण त्याला थिनर लागत नसे आणि दारं-खिडक्या उघड्या असत. आज फ्लॅट बंदिस्त, खिडकीला सरकती काच, वर एसी. म्हणून हवेची वाट आपल्यालाच करून द्यावी लागते. ती अशी:

हवेला येण्याची आणि जाण्याची, अशा दोन वाटा लागतात. एकच खिडकी उघडून भागत नाही. भिंतींना पाण्यातला रंग फवारत असतील तर एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवावा, त्याच्या बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बंद कराव्यात आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी ठेवावी. छताचा पंखा वास फक्त घरभर फिरवतो. स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो.

थिनरचं काम असेल तर साधा पंखाही नको, कारण त्याच्या मोटरची किंवा बटणाची ठिणगी पुरते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दुसऱ्या खोलीत जाते. त्या दिवशी गॅस बंद, देव्हाऱ्यातला दिवा आणि अगरबत्तीही बंद. खरं तर शटर आणि दारं काढून कारखान्यातच फवारून आणायला सांगणं सर्वांत उत्तम. वाहतुकीचे थोडे पैसे जातील, जाऊ देत.

रुमालाने तुषार थोडे अडतात, वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या बसवलेला मास्क लागतो. जुनं दार घासायचं असेल तर पाणी लावून घासायला सांगा. हॅमिल्टनबाईंचा धडा शंभर वर्षांनीही तितकाच खरा आहे. काम उजेडी उरकावं. रात्री दिव्यावर आलेले जीव ओल्या रंगाला चिकटून मरतात, आणि रात्री आपण खिडक्याही लावून घेतो. घरात गरोदर सून, तान्हं बाळ किंवा दम्याचं कुणी असेल तर त्यांची चार दिवस दुसरीकडे सोय करावी. आणि ‘आता वास येत नाही’ यावर विसंबू नये. नाकाला वासाची सवय होते, फुप्फुसाला वाफेची होत नाही.

रंगाची छटा निवडायला आपण आठ-आठ दिवस घेतो. त्यातली दहा मिनिटं कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारण्यासाठी ठेवू या: हवा कुठून येणार आणि कुठून जाणार? उत्तर मिळालं की ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, मास्कच्या खर्चासकट. तो खर्च आपल्या नावे पडू दे. घर आपलं आहे, तर त्याची किंमत दुसऱ्याच्या श्वासातून का वसूल व्हावी?