सफदरजंग ते सिम्युलेटर : ‘स्टॉल’च्या शिक्षणाचा इतिहास

वैमानिकाच्या शिक्षणात ‘स्टॉल’ हा शब्द फार लवकर येतो आणि मराठी भाषकाची दिशाभूल करतो. मोटार ‘स्टॉल’ झाली म्हणजे इंजिन बंद पडले, असे आपण समजतो. विमानाच्या स्टॉलमध्ये मात्र इंजिन सुरळीत चालू असू शकते. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी असलेला कोन साधारणतः पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला, की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटते आणि विमानाला उचलून धरणारा जोर एकाएकी घटतो. विमान खाली येऊ लागताच मनुष्य सहजप्रवृत्तीने दांडी मागे ओढतो. त्यामुळे तो कोन आणखी वाढतो. दांडी पुढे ढकलणे, म्हणजे पडत असतानाच नाक आणखी खाली नेणे, हाच खरा उपाय होय. स्टॉलच्या शिक्षणाचा इतिहास हा या सहजप्रवृत्तीला वळण लावण्याचा इतिहास आहे.

आरंभी हे ज्ञान योगायोगानेच हाती आले. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क यांचे विमान गिरक्या घेत कोसळू लागले. अन्य उपाय थकल्यावर त्यांनी गिरकीच्या विरुद्ध दिशेला सुकाणू दाबले आणि जमीन अगदी जवळ आली असताना विमान सावरले. या अनुभवांचे शिक्षणात रूपांतर झाले ते १९१७ मध्ये, गॉस्पोर्ट येथे. रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी दुहेरी नियंत्रणांच्या विमानात शिष्याला मुद्दाम संकटात नेण्याची आणि बोलनळीतून सूचना देत बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. जे टाळायचे, तेच प्रथम करून पाहायचे, हे तिचे सूत्र.

हीच परंपरा फ्लाइंग क्लबांच्या द्वारे भारतात आली. १९२८ मध्ये दिल्ली आणि मुंबई येथे असे क्लब स्थापन झाले. दिल्लीच्या क्लबाचे विलिंग्डन विमानतळ पुढे सफदरजंग या नावाने ओळखले गेले. येथील आकाशात कित्येक पिढ्या स्टॉल शिकल्या. सावरण्यासाठी उंची खर्ची पडते, म्हणून हा पाठ नेहमी पुरेशा उंचीवरच दिला जाई. २३ जून १९८० रोजी याच विमानतळावरून निघालेल्या ‘पिट्स’ विमानाच्या अपघातात संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना मृत्युमुखी पडले. कमी उंचीवरील कसरतीत चुकीला क्षमा नसते, हे त्या घटनेने दाखविले. २००१ नंतर सुरक्षेच्या कारणास्तव येथील उड्डाणे थांबली.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जण दगावले. सुमारे ३८,००० फुटांवरून ते साडेतीन मिनिटे खाली येत होते, स्टॉलची सूचना वारंवार वाजत होती. तरीही दांडी बव्हंशी मागेच ओढलेली होती. म्हणजे उंची विपुल होती, उणीव होती ती ओळखीची. प्रवासी विमानांच्या शिक्षणात तोवर इंजिनाचा जोर वाढवून उंची राखण्यावर भर असे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने प्रथम कोन कमी करण्यास प्राधान्य दिले.

आज गुरुग्राम आणि ग्रेटर नोएडा येथील सिम्युलेटरांत वैमानिक ही क्रिया निर्धोकपणे पुनःपुन्हा करू शकतो. प्रवाशांच्या अवजड विमानात ते शक्य नाही, हा या यंत्राचा मोठा लाभ. परंतु आपण मरणार नाही, हे तेथे शिष्याला ठाऊक असते. सफदरजंगच्या आकाशात भय हा पाठाचाच एक भाग होता. म्हणून लहान विमानातील तो पहिला पाठ कालबाह्य ठरत नाही. भय वाटत असतानाही हात पुढे नेण्याची सवय तेथेच लागते.