अर्धशिशीच्या रुग्णांची परिचर्या

अर्धशिशीच्या रुग्णांची परिचर्या म्हणजे अर्धशिशी अर्थात मायग्रेन या विकाराने त्रस्त असलेल्या व्यक्तींचे परिचारिकांकडून केले जाणारे मूल्यमापन, तीव्र झटक्याच्या वेळची शुश्रूषा, औषधोपचारावरील देखरेख, रुग्णशिक्षण आणि दीर्घकालीन पाठपुरावा होय. निदान करणे व औषध लिहून देणे हे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचे असले, तरी त्या औषधाचा योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात वापर होतो की नाही, हे बऱ्याच अंशी परिचारिकेच्या कामावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अर्धशिशी हा मज्जासंस्थेचा वारंवार उद्भवणारा विकार आहे. जगभरात १०० कोटींहून अधिक लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. प्रौढांमध्ये उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास टिकतो. डोक्याच्या बहुधा एका बाजूला ठणका लागणे, मळमळ, उलटी, तसेच प्रकाश व आवाज सहन न होणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. काही रुग्णांना डोके दुखण्यापूर्वी नागमोडी चकाकणाऱ्या रेषा दिसणे किंवा हाताला मुंग्या येणे असे अनुभव येतात. त्यांना ‘ऑरा’ म्हणतात. ही लक्षणे सामान्यतः ५ ते ६० मिनिटे टिकतात.

या विकाराचे निदान करणारी रक्तचाचणी उपलब्ध नाही आणि मेंदूचे चित्रणही सहसा सामान्य असते. त्यामुळे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावर आधारलेले असते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात रुग्ण निरोगी दिसत असल्याने कुटुंबात व कामाच्या ठिकाणी त्याच्या तक्रारीवर अविश्वास दाखवला जाण्याची शक्यता असते. रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे व त्याची अचूक नोंद करणे हा म्हणूनच परिचर्येचा पहिला भाग मानला जातो.

मूल्यमापन

परिचारिका वेदनेची जागा, स्वरूप, तीव्रता, कालावधी, सोबतची लक्षणे आणि घेतलेली औषधे यांची नोंद करते. विकारामुळे दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम मोजण्यासाठी ‘मिडास’ ही प्रश्नावली वापरली जाते. तिच्यात मागील तीन महिन्यांत काम, घरकाम व सामाजिक जीवनाचे किती दिवस वाया गेले, याविषयी पाच प्रश्न असतात. २१ किंवा त्याहून अधिक गुण तीव्र अकार्यक्षमता दर्शवतात. ‘हिट–६’ ही सहा प्रश्नांची प्रश्नावलीही प्रचलित आहे.

डोकेदुखीमागे दुसरा गंभीर आजार नाही ना, याकडे लक्ष देणे विशेष महत्त्वाचे असते. पुढील लक्षणे आढळल्यास रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवले जाते:

• काही सेकंदांत किंवा मिनिटभरात परमावधीला पोहोचणारी डोकेदुखी
• ताप व मान ताठरणे
• हातापायांतील अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे किंवा शुद्ध हरपणे
• वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी
• गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली डोकेदुखी

तीव्र झटक्यातील शुश्रूषा

रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत झोपवले जाते व उग्र वास टाळले जातात. उलट्या होत असल्यास शरीरातील पाण्याचे प्रमाण, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवले जाते. पोटात औषध ठरत नसेल, तर इंजेक्शन किंवा नाकातील फवाऱ्याचा पर्याय डॉक्टरांच्या निदर्शनास आणला जातो.

सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातील औषधे हृदयविकार, पक्षाघाताचा पूर्वेतिहास किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्या रुग्णांना दिली जात नाहीत. ट्रिप्टान व अर्गोटामाइन ही औषधे एकमेकांपासून २४ तासांच्या आत देणे टाळले जाते. मळमळीवर शिरेतून दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड वेगाने दिल्यास तीव्र अस्वस्थता येऊ शकते. म्हणून ते सावकाश दिले जाते.

रुग्णशिक्षण व डोकेदुखीची रोजनिशी

झटका सुरू होताच, वेदना सौम्य असतानाच औषध घेतल्यास त्याचा परिणाम अधिक चांगला होतो. वेदना असह्य होईपर्यंत थांबण्याची सवय बदलणे हा रुग्णशिक्षणाचा महत्त्वाचा हेतू असतो. रुग्णाला रोजनिशी ठेवण्यास सांगितले जाते. तीत डोकेदुखीचे दिवस, घेतलेल्या गोळ्या, झोप, जेवणाच्या वेळा व मासिक पाळी यांची नोंद होते. अपुरी झोप, मानसिक ताण आणि जेवण चुकणे यांमुळे अनेकांना झटका येतो. महाराष्ट्रात आठवड्याचे किंवा सणावारांचे उपवास करणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. उपवास सोडण्याचा आग्रह न धरता दीर्घकाळ उपाशी न राहणे व पुरेसे पाणी पिणे यांविषयी सल्ला देता येतो.

औषधांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी

वेदनाशामकांचा वारंवार वापर केल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी वाढू शकते. तीन महिन्यांहून अधिक काळ साध्या वेदनाशामकांचा महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा संयुक्त वेदनाशामकांचा १० किंवा अधिक दिवस वापर झाल्यास असा धोका संभवतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्यांचा उल्लेख रुग्ण आपणहून करत नाहीत. त्यामुळे परिचारिकेने दोष न देता थेट विचारणे उपयुक्त ठरते. औषध बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. या काळात दूरध्वनीवरून किंवा भेटीतून मिळणारा आधार निर्णायक ठरू शकतो.

प्रतिबंधक उपचार व स्त्रियांची परिचर्या

वारंवार झटके येणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट यांसारखी औषधे रोज घ्यावी लागतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, हे आधी न सांगितल्यास रुग्ण औषध मध्येच सोडून देतो. दम्याच्या रुग्णांत प्रोप्रॅनोलॉल टाळले जाते. सोडियम व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये ते टाळले जाते. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेतल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून कुटुंबनियोजनाचा सल्ला देताना ऑराविषयी विचारणे आवश्यक असते. २०१८ पासून उपलब्ध झालेल्या सीजीआरपी-विरोधी प्रतिपिंडांची इंजेक्शने रुग्ण घरी स्वतः घेऊ शकतो. त्याचे प्रशिक्षण परिचारिका देतात.

विशेषज्ञ परिचारिका

ब्रिटनमध्ये डोकेदुखीच्या चिकित्सालयांत विशेष प्रशिक्षित परिचारिका स्वतंत्रपणे पाठपुरावा करतात. डेन्मार्कमधील ग्लोस्ट्रुप येथील डोकेदुखी केंद्रात डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ एकत्रितपणे काम करतात. भारतात ग्रामीण भागात रुग्णाचा पहिला संपर्क अनेकदा उपकेंद्रातील परिचारिकेशी किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी येतो. त्यामुळे धोक्याची लक्षणे ओळखणे, गोळ्यांचा अतिवापर हेरणे व योग्य वेळी पुढे पाठवणे ही कौशल्ये तेथे विशेष उपयोगी पडतात.