एकवीस अंडी, सहा पिल्ले

सोलापूरकडचा एप्रिल. थर्माकोलची पेटी, बल्ब, छोटा पंखा, २४ गावरान अंडी. घर कल्पित आहे. पेटीत घडते ते असेच. सातव्या दिवशी टॉर्च लावून पाहिले, तीन अंडी रिकामी निघाली. उरली २१.

दिवस १८, सकाळी ७.००
अंडी फिरवणे बंद. तापमान ३७.५ अंश. आता आर्द्रता ५० वरून ६५-७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकणाला हात लावायचा नाही. पाण्याची दुसरी वाटी ठेवायचे ठरते, पण पिल्ले बुडतील म्हणून ती राहून जाते. वर जाळी टाकली असती तरी भागले असते. आर्द्रतेचा मीटर ६६ दाखवतो. तेच खरे धरले जाते.

सकाळी ७.२०
वजनकाटा ओट्यावरच आहे. ५२ ग्रॅमचे अंडे एव्हाना ४६ च्या आसपास यायला हवे. त्याहून बरेच हलके भरले, तर पेटी पहिल्यापासूनच कोरडी. वजन कोणी करत नाही.

दिवस १९, दुपारी २.३०
बाहेर ४१ अंश. मीटर ६१. ‘संध्याकाळी बघू.’

दिवस २०, दुपारी ४.१०
एका अंड्यावर तिळाएवढा तडा. आत चिवचिव. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत श्वास घेते, मग कवचाला टोचा मारते. तिथून बाहेर पडायला १२ ते २४ तासही लागतात. तेवढा वेळ आतला पापुद्रा ओलसर राहावा लागतो.

४.२५
शेजारची मुले येतात. फोटोसाठी झाकण निघते, दोन मिनिटे. मीटर ३४. पुन्हा साठवर पोचायला पाऊण तास. आजी म्हणते, “खुडूक कोंबडी या दिवसांत दाण्यालासुद्धा उठत नाही गं.” सगळे हसतात.

रात्री ९.४०
पहिले पिल्लू बाहेर. गारठेल म्हणून लगेच उचलतात. खरे तर पेटीत ऊब होती आणि पोटात बलक. दोन दिवस दाणापाण्यावाचून निघतात. वाटी कोरडी पडल्याचे तेव्हा कळते. पाणी येईपर्यंत झाकण उघडेच. सलाइनची नळी बाहेरून वाटीत सोडलेली असती, तर ते उघडावेच लागले नसते.

दिवस २१, पहाटे ३.००
तडे गेलेली अंडी नऊ. घर झोपलेले. मीटर ५४. तड्याच्या कडेचा पांढरा पापुद्रा पिवळसर, कडक झाला आहे. तो पिल्लाच्या अंगाला चिकटला की त्याला आत फिरता येत नाही, आणि फिरल्याशिवाय कवच गोल फुटत नाही.

सकाळी ६.४५
चिवचिव कमी. एक कवच नखाने सोलले जाते. रक्त येते, पापुद्र्यातल्या शिरा अजून आटलेल्या नव्हत्या. ७.१५ ला ते पिल्लू मरते.

सकाळी ११.००
सहावे पिल्लू बाहेर. त्यानंतर एकही नाही.

दिवस २२, संध्याकाळी ६.००
पेटी रिकामी करतात. जिवंत सहा. सोललेले धरून आठ पिल्ले टोचा मारून कवचातच मेली. सात अंड्यांना तडाच नव्हता.

दिवस २३, सकाळी ८.००
मीटर तपासायची मिठाची चाचणी आत्ता होते. झाकणभर ओले मीठ आणि मीटर बंद पिशवीत रात्रभर ठेवले होते. आकडा ७५ हवा. मीटर दाखवतो ८३. म्हणजे अठराव्या दिवशी ६६ वाचले, तेव्हा पेटीत आर्द्रता जेमतेम ५८ होती. चाचणीला लागले दोन चमचे मीठ.