परसातल्या कोंबड्या आणि पांढरा भात

जावा बेटावरील बटेव्हिया म्हणजे आजचे जकार्ता. तेथील डच लष्करी रुग्णालयाच्या आवारात 1889 च्या सुमारास काही कोंबड्या पाळलेल्या होत्या. त्या अंड्यांसाठी नव्हत्या, प्रयोगांसाठी होत्या. डॉक्टर क्रिस्तियान आयकमान हे बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधीत होते. या रोगात पाय बधिर होतात, मग लुळे पडतात. कित्येकांच्या अंगावर सूज चढते आणि शेवटी हृदय थकते. सुमात्रातील अचेच्या युद्धात डच सैन्याचे असंख्य शिपाई या रोगाने निकामी झाले होते. धट्टाकट्टा जवान पलटणीत भरती व्हावा, वेळच्या वेळी पोटभर भात खावा आणि काही महिन्यांत अंथरुणाला खिळावा, हे कोडे कोणाला उलगडत नव्हते.

तो काळ पाश्चर आणि कॉख यांचा. रोग म्हटला की जंतू असलाच पाहिजे, ही वैद्यकाची नवी श्रद्धा होती. आयकमान तर बर्लिनला कॉख यांच्याच हाताखाली शिकलेले. 1886 मध्ये ते एका सरकारी शोधमंडळाबरोबर जावात आले. जंतू सापडल्याच्या समजुतीने मंडळ 1887 मध्ये मायदेशी परतले आणि पुढील काम आयकमान यांच्याकडे आले.

एके दिवशी कोंबड्या झोकांड्या खाऊ लागल्या. त्यांचे पाय दुमडत, उभे राहवेना, मग त्या कुशीवर पडून राहत. ज्यांना रोग्याचे रक्त टोचले होते त्या आजारी पडल्या. ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही पडल्या. निरोगी कोंबड्या वेगळ्या ठेवून पाहिल्या, तरी उपयोग झाला नाही. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस रोग आला तसा आपोआप नाहीसा झाला! प्रयोग करणाऱ्याला याहून मोठी अडचण ती कोणती?

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. प्रयोगशाळेच्या नोकराने काटकसर म्हणून जूनपासून कोंबड्यांना रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घालण्यास सुरुवात केली होती. पुढे स्वयंपाकी बदलला. लष्करी भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही, असे नव्या स्वयंपाक्याने ठणकावले. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. सरकारी शिस्तीचा असा उपयोग इतिहासात क्वचितच झाला असेल.

पण हे माणसालाही लागू पडते काय? 1895 मध्ये आयकमान यांचे स्नेही फोर्डरमान यांनी जावा आणि मदुरा येथील 101 तुरुंगांतील आहाराची पाहणी सुरू केली. कोंडा न काढलेला तांदूळ देणाऱ्या 37 तुरुंगांपैकी एकातच बेरीबेरी आढळला. पांढरा तांदूळ देणाऱ्या 51 तुरुंगांपैकी 36 तुरुंगांत तो होता. कैद्यांना चांगले म्हणून दिलेले धान्यच त्यांचा घात करीत होते.

तरीही आयकमान यांचा अर्थ चुकला. भाताच्या पिठूळ भागातून पोटात विष तयार होते आणि कोंड्यात त्याचा उतारा असतो, असे त्यांना वाटे. प्रकृती ढासळल्यामुळे 1896 मध्ये ते हॉलंडला परतले. त्यांच्या जागी आलेल्या गेरिट ग्रायन्स यांनी कोंबड्यांना भाताऐवजी खूप तापवलेले मांस घातले. त्यात पीठ नव्हते, तरी कोंबड्या लुळ्या पडल्या. मग मूग घातले. गरिबाच्या परसात उगवणारे साधे हिरवे मूग. त्यांनी आजार टळला. तेव्हा 1901 मध्ये ग्रायन्स यांनी लिहिले की, दोष अन्नात काही असण्याचा नाही, काही नसण्याचा आहे. हा विचार नवा होता. पुढे आयकमान यांनीही तो मान्य केला.

पलीकडे मलायात आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. खाणीतले चिनी मजूर पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. शेजारच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर मात्र बहुधा सुटत. ते उकडा तांदूळ खात. भात सालीसकट भिजवून वाफवले की कोंड्यातील सत्त्व दाण्यात उतरते; मग गिरणीत सडले तरी ते सारे निघून जात नाही. कोकण-गोमंतकातील पेज करणाऱ्या गृहिणीच्या हाती असलेला हाच तांदूळ. क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात 1905-06 मध्ये रोग्यांचे दोन गट करून, एकाला उकडा आणि दुसऱ्याला साधा पांढरा तांदूळ देऊन पाहिले. रोग झाला तो दुसऱ्या गटात.

1926 मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी बटेव्हियातच ते सत्त्व कोंड्यातून शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. आपण त्याला ब-1 जीवनसत्त्व म्हणतो. ते रसायनशाळेत प्रथम सिद्ध करणारे रॉबर्ट विल्यम्स हे नेल्लूरला जन्मलेले; त्यांना हे 1936 मध्ये साधले. त्याआधी 1929 मध्ये आयकमान यांना इंग्लंडच्या हॉपकिन्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले होते. ग्रायन्स यांना त्यात वाटा मिळाला नाही. आयकमान इतके आजारी होते की त्यांना स्टॉकहोमला जाता आले नाही. त्यांच्या नोबेल व्याख्यानात मात्र, लष्करी भात नाकारणाऱ्या त्या स्वयंपाक्याचा उल्लेख आहे.