शिंगाचा सरडा पाळायला का अवघड? खाणं, ऊन आणि कायदा, तिन्ही समजून घ्या

मोबाईलवर चपटा, डोक्यावर शिंगं असलेला, डोळ्यातून रक्ताची पिचकारी मारणारा सरडा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. हा आपल्याकडचा नाही. अमेरिका आणि मेक्सिकोच्या कोरड्या, वाळूच्या भागातला हा प्राणी. टेक्सास राज्याने १९९३ साली त्याला आपला राज्य-सरपटणारा प्राणी ठरवलं. दिसायला कणखर, पण पिंजऱ्यात लवकर मरतो.

मुंग्याच लागतात
टेक्सासच्या जातीचं मुख्य खाणं म्हणजे बी गोळा करणाऱ्या मोठ्या मुंग्या. एका मुंगीत पोषण थोडं, म्हणून रोज पुष्कळ मुंग्या लागतात. त्यासाठी त्याचं पोटही शरीराच्या मानाने मोठं असतं. नुसते रातकिडे किंवा अळ्या टाकल्या तर काही दिवस खातो, मग खंगत जातो. रातकिडे जोडीला चालतात, तेही कॅल्शियमची पावडर लावून.

ऊन आणि वाळू
पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ अंशांच्या आसपास उष्णता हवी आणि दुसरं टोक थंड. म्हणजे त्याला हवं तिथं बसता येतं. काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, कारण हाडांसाठी लागणारे किरण काच अडवते. त्यासाठी यूव्हीबी दिवा लागतो. तळाला अंग पुरता येईल एवढी वाळू हवी, आणि ती कोरडी हवी. वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, म्हणून सकाळी अंगावर थोडे थेंब शिंपडतात. हिवाळ्यात तो जमिनीत झोपून राहतो.

आजारी कसा ओळखायचा
डोळे खोल जाणं, शेपटीच्या बुडाशी हाडं दिसणं, दिव्याखाली न येणं, ही लक्षणं दिसली की सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवायचं.

रानातही कमी का झाला
बाहेरून आलेल्या लाल डंखाच्या मुंग्या पसरल्या. त्यांना मारायला टाकलेल्या विषाने त्याच्या खाण्याच्या मुंग्याही गेल्या. वर घरं-रस्ते वाढले, लोकांनी पाळायला पकडून नेले. टेक्सासने १९६७ सालीच त्याला संरक्षण दिलं. आता तिथली काही प्राणिसंग्रहालयं पिल्लं वाढवून रानात सोडतात. शेतात औषध मारताना आपणही हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडचा कायदा
या सरड्यांचा देशोदेशींचा व्यापार आंतरराष्ट्रीय सायटिस करारात येतो. भारतात असा परदेशी प्राणी ठेवायचा तर कागदपत्रं आणि परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ऑनलाइन कुणी विकत असेल तर आधी कागद मागा.

आणि हौसेपायी रानातली घोरपड धरून आणू नका. ती पहिल्या अनुसूचीत आहे, किमान ३ वर्षांची शिक्षा आहे. कुठे जखमी प्राणी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.