पुरुषांचें मूत्रस्रवण : एका लपविलेल्या व्याधीचा इतिहास

गोंदिया शहरालगतच्या कुडव्यासारख्या गांवांत एखादे वृद्ध गृहस्थ लग्नकार्यास जाणें टाळूं लागले, कीं घरचीं माणसें ‘आतां वय झालें’ म्हणून विषय संपवितात. धोतर ओलें होतें, हें खरें कारण लाजेमुळें बहुधा उच्चारलें जात नाहीं. वैद्यकशास्त्रानें मात्र हें मौन कधींच पाळलेलें नाहीं.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं ‘मूत्रातीत’ या प्रकारांत वेग फार वेळ अडविल्यामुळें मूत्र मोकळें न होतां थोडें थोडें येतें. ‘अष्ठीले’त बस्ति व गुद यांच्यामध्यें दगडासारखी कठीण, अचल गांठ उद्भवते. आधुनिक वाचकास येथें प्रोस्टेट ग्रंथीची आठवण होणें साहजिक आहे. तथापि प्राचीनांनीं दोष वाताला दिला, ग्रंथीला नव्हे; तेव्हां त्यांना सर्व कांहीं ठाऊक होतें असा अभिमान धरण्याचें कारण नाहीं. मूत्रमार्ग मोकळा करणाऱ्या शलाकेचें माप मात्र सुश्रुतानें मालतीच्या फुलाच्या देंठाच्या टोंकाएवढें दिलें आहे! रुग्णाची वेदना जाणणाऱ्याचेंच हें माप. वाग्भटानेंही हा विषय मांडला. त्याचें ‘अष्टांगहृदय’ डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं मुंबईस संपादून प्रसिद्ध केलें.

प्रोस्टेट ग्रंथि मूत्राशयाच्या मुखाशीं असते. ती वाढली कीं वाट आवळली जाते, मूत्राशय पुरता रिकामा होत नाहीं, आणि कांठोकांठ भरलेल्या घागरीप्रमाणें तो थेंब थेंब सांडूं लागतो. दिसते ती गळती, परंतु मूळ विकार अडथळ्याचा! अशा वेळीं पाणी पिणें कमी केल्यानें अडथळा दूर होत नाहीं, आणि उपचारास झालेला विलंब मूत्रपिंडांस भोंवूं शकतो.

हिंदुस्थानांत सुमारें वीस वर्षें वैद्यकीय नोकरी केलेले पीटर फ्रेयर यांनीं १९०० सालीं लंडनमध्यें अशी वाढलेली ग्रंथि पोटाच्या वाटेनें काढली. अमेरिकेंत फुलर यांनीं तत्पूर्वींच तसें केलें होतें, म्हणून श्रेयाचा वादही माजला. ग्रंथि काढतांना मूत्र आवरणाऱ्या स्नायूस इजा झाल्यास गळतीच मागें राहते, हा पुढचा प्रश्न. १९४८ सालीं अर्नोल्ड केगेल यांनीं स्त्रियांसाठीं प्रसिद्ध केलेला ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम कालांतरानें अशा पुरुषांनाही शिकविला जाऊं लागला.

गोंदियास २०१६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. कुडव्याहून तें दूर नाहीं. डॉक्टरांचे पहिले प्रश्न साधेच असतात : रात्रीं किती वेळां उठावें लागतें, धार बारीक झाली आहे काय, मधुमेह आहे काय.