ई-थ्री प्रदर्शनातील सादरीकरणे आणि त्यांविषयीचे मत : एक ऐतिहासिक परामर्श (१९९५–२०२३)

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यंत्रांचा, शोधकांचा आणि विक्रीच्या आकड्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे यंत्र बाजारात येण्यापूर्वीच त्याविषयी जे मत तयार होते, त्याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. व्हिडिओ गेम उद्योगात मात्र असे मत तयार करण्याची एक स्वतंत्र जागाच निर्माण झाली होती. ‘इलेक्ट्रॉनिक एंटरटेनमेंट एक्स्पो’ अर्थात ई-थ्री हे व्यापारी प्रदर्शन मे १९९५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे प्रथम भरले आणि १२ डिसेंबर २०२३ रोजी ते कायमचे बंद झाल्याचे आयोजक संस्थेने जाहीर केले. या काळात प्रत्येक प्रदर्शनानंतर ‘यंदा कोण जिंकले?’ हा प्रश्न वार्ताहर आणि वाचक दोघेही विचारीत राहिले. त्या प्रश्नाला काही अर्थ होता काय, आणि असल्यास कोणत्या काळी, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ई-थ्रीचा जन्म राजकीय दडपणातून झाला, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९९३ च्या अखेरीस अमेरिकी सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने खेळांतील हिंसेविषयी सुनावण्या झाल्या. सरकारी नियंत्रण टाळण्यासाठी उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धती आणि स्वतःची व्यापारी संघटना उभी केली. तोपर्यंत गेम कंपन्या ‘कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो’ या मोठ्या प्रदर्शनात दूरचित्रवाणी संच आणि ध्वनियंत्रणा यांच्या सावलीत दुय्यम स्थान पत्करून बसत असत. नव्या संघटनेने या उद्योगाला स्वतःचे व्यासपीठ मिळवून दिले. व्यासपीठ मिळाल्यावर त्यावरून काय बोलावे, याची स्पर्धा पहिल्याच दिवशी सुरू झाली.

११ मे १९९५ रोजी सेगा कंपनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी ‘सॅटर्न’ हे यंत्र ३९९ डॉलरला निवडक दुकानांत त्याच दिवसापासून उपलब्ध असल्याचे जाहीर केले. यापूर्वी सप्टेंबर महिन्याची तारीख दिलेली असल्यामुळे ही घोषणा सर्वांनाच अनपेक्षित होती. त्यानंतर सोनीच्या सादरीकरणात स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ची जगभरातील विक्री दहा कोटींच्या वर गेली. सॅटर्नची विक्री एक कोटीपर्यंतही पोहोचली नाही. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रनिर्मितीतून माघार घेतली.

या प्रसंगाची कथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते : एका आकड्याने एक कंपनी बुडाली. कथा आकर्षक आहे, पण तिच्यात कारणमीमांसा अपुरी आहे. सेगाची घोषणा ज्या दुकानदारांच्या वाट्याला आली नाही, ते नाराज झाले; ‘के-बी टॉइज’सारख्या साखळी दुकानाने सॅटर्न ठेवण्याचेच नाकारले. सप्टेंबरचे वेळापत्रक गृहीत धरून काम करणाऱ्या बाहेरील निर्मात्यांचे खेळ तयार नव्हते, त्यामुळे यंत्र दुकानात आले तरी त्यावर खेळण्याजोगे फारसे काही नव्हते. म्हणजे जे मत निर्णायक ठरले ते टाळ्या वाजविणाऱ्यांचे नव्हते. माल मागवायचा की नाही हे ठरविणाऱ्या व्यापाऱ्यांचे होते. १९९५ चे ई-थ्री हे खऱ्या अर्थाने व्यापारी प्रदर्शन होते. सामान्य ग्राहकाला त्याचा वृत्तान्त मासिकांतून काही आठवड्यांनी वाचावयास मिळे, तोवर मागणीपत्रे भरून झालेली असत.

अकरा वर्षांनंतरचे चित्र निराळे दिसते. मे २००६ मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन ३’ची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर जाहीर केली. त्याच सादरीकरणात एका खेळाची ओळख प्राचीन जपानमधील प्रत्यक्ष लढायांवर आधारित अशी करून दिली गेली आणि लगेच पडद्यावर एक महाकाय खेकडा अवतरला. या विसंगतीची थट्टा आंतरजालावर कित्येक वर्षे चालू राहिली. थट्टा करणारे हे व्यापारी नव्हते, वार्ताहरही नव्हते. ते घरी बसून चित्रफीत पाहणारे प्रेक्षक होते. मत बनविण्याचा अधिकार सभागृहाबाहेर गेल्याची ही ठळक खूण मानावी लागेल. निंतेंदोच्या बाबतीत तर मत महिन्याभरात उलटले. एप्रिल २००६ मध्ये ‘वी’ हे नाव जाहीर झाले तेव्हा त्याची टिंगल झाली. मे महिन्यात हातातील नियंत्रक हलवून टेनिस खेळता येते हे पाहिल्यावर त्याच यंत्रासाठी प्रदर्शनात लांबच लांब रांगा लागल्या. ‘वी’ची विक्री पुढे दहा कोटींवर गेली. तथापि ‘प्लेस्टेशन ३’नेही अखेरीस आठ कोटींचा टप्पा ओलांडलाच. प्रदर्शनातील पराभव म्हणजे बाजारातील पराभव असे समीकरण येथे जुळत नाही.

मताचा खरा प्रभाव पाहावयाचा असेल तर २०१३ कडे वळावे लागते. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’साठी चोवीस तासांतून एकदा आंतरजाल जोडणीची अट घातली होती आणि वापरलेल्या खेळांच्या फेरविक्रीवर निर्बंध येऊ शकतील असे धोरण ठेवले होते. यंत्राची किंमत होती ४९९ डॉलर. १० जून रोजी सोनीच्या वतीने जॅक ट्रेटन यांनी ‘प्लेस्टेशन ४’वर असे कोणतेही निर्बंध नसतील असे सांगितले, किंमत ३९९ डॉलर. सभागृहातील जल्लोष थेट प्रक्षेपणातून जगभर पोहोचला. अवघ्या नऊ दिवसांत, १९ जून रोजी, मायक्रोसॉफ्टने आपले धोरण मागे घेतले. विकत घेतलेली वस्तू आपल्या मालकीची आहे की नाही, ती मित्राला देता येते की नाही, हा प्रश्न ग्राहकांनी यंत्र विक्रीला येण्यापूर्वीच धसास लावला, हे या घटनेचे महत्त्व होय.

मात्र त्याच सायंकाळी आणखी एक गोष्ट घडली. ‘प्लेस्टेशन ४’वर आंतरजालाद्वारे इतरांशी खेळण्यासाठी सशुल्क सदस्यत्व बहुतांशी आवश्यक राहील, असेही सोनीने जाहीर केले. ‘प्लेस्टेशन ३’वर ही सोय विनामूल्य होती. टाळ्यांच्या गजरात या बदलाची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. सामूहिक मत जागरूक असते तेव्हाही ते निवडक असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

सादरीकरणांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न याहून जुना आहे. २००५ मध्ये सोनीने दाखविलेली ‘किलझोन’ची दृश्ये प्रत्यक्ष खेळातील असल्याचा समज पसरला, ती पूर्वनिर्मित होती. २०१२ मध्ये युबिसॉफ्टने ‘वॉच डॉग्ज’ची दृश्ये दाखवून वाहवा मिळविली, २०१४ मध्ये खेळ आला तेव्हा तो दाखविला तसा दिसत नाही अशी तक्रार झाली. प्रेक्षक संशयी झाला तो अशा अनुभवांतून. त्याचा संशय रास्त होता. पण संशयाची किंमत दर वेळी वचन देणाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही.

या संदर्भात महाराष्ट्राशी निगडित एक उदाहरण नोंदविण्याजोगे आहे. करोना साथीमुळे २०२० चे ई-थ्री रद्द झाले आणि कंपन्या आपापली सादरीकरणे स्वतंत्रपणे प्रक्षेपित करू लागल्या. युबिसॉफ्टने १० सप्टेंबर २०२० रोजी अशाच एका कार्यक्रमात २००३ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जाहीर केली. तिची निर्मिती कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे होती. इतक्या नामांकित खेळाची धुरा भारतीय शाखांनी वाहणे ही त्या काळी असाधारण बाब होती. परंतु काही मिनिटांच्या चित्रफितीतील चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट दिसतात, अशी टीका तत्काळ सर्वत्र झाली. जानेवारी २०२१ मधील प्रकाशनाची तारीख आधी मार्चवर आणि मग अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात आली. मे २०२२ मध्ये हे काम पुणे आणि मुंबईकडून काढून कॅनडातील मॉन्ट्रियल शाखेकडे सोपविण्यात आले.

१९९५ च्या सेगाला निदान आपले यंत्र दुकानात मांडता आले होते. ग्राहकाने ते हाताळून नाकारले. पुणे-मुंबईच्या कारागिरांचा खेळ कोणी खेळलाच नाही. त्याविषयीचे मत पूर्णतः चित्रफितीवर आधारलेले होते. कोणत्या टप्प्यावरचे काम जगापुढे ठेवावे, हा निर्णय घेणारे आणि टीकेचा परिणाम भोगणारे एकच होते असेही दिसत नाही.

मूळ प्रदर्शनाची उपयुक्तता तोवर ओसरली होती. निंतेंदोने २०१३ पासूनच भव्य पत्रकार परिषदेऐवजी ध्वनिचित्रमुद्रित निवेदनांचा मार्ग पत्करला होता. २०१७ मध्ये सामान्य जनतेला पंधरा हजार तिकिटे विकून गर्दी टिकविण्याचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये सोनी अनुपस्थित राहिली. २०२१ चे प्रदर्शन केवळ आंतरजालावर झाले, २०२२ आणि २०२३ ची रद्द झाली. व्यापाऱ्याची मागणीपत्रे, वार्ताहराचा वृत्तान्त आणि प्रेक्षकाचा जल्लोष एकाच छताखाली आणणारी ती जागा नाहीशी झाली. सादरीकरणे मात्र चालूच आहेत, आणि त्यांवरील निवाडे आता सादरीकरण संपण्याचीही वाट पाहत नाहीत.